हळू आवाजाची शाळा

मेणाची गोळी तळहातावर धरायची, तिला आपल्या अंगची ऊब द्यायची आणि तिच्यातून जे रूप आपोआप वर येईल ते येऊ द्यायचं, असं आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं. मे महिना होता आणि गाव अकोला होतं. मेणाला कुणाच्या उबेची गरज नव्हती. ते बशीतच पाघळून बसलं होतं आणि वर दोन माश्या चिकटल्या होत्या. मुख्य प्रशिक्षिका डोळे मिटून म्हणाल्या, "ऊब जाणवतेय ना?" माझ्या शेजारच्या बाईच्या मनगटापर्यंत पिवळा ओघळ आला होता, तरी तिनंही डोळे मिटून मान डोलावली. मी हात रुमालाला पुसला. वॉल्डॉर्फ या मूळ जर्मन शिक्षणपद्धतीच्या शिक्षकप्रशिक्षणातला माझा हा पहिला तास.

लोक विचारतात, पहिल्याच दिवशी एवढं अंगावर आलं तर मग टिकलीस कशाला? त्याचं उत्तर अमरावतीच्या राजापेठेत आहे. तिथं एका चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, स्कॉलरशिपच्या क्लासमध्ये मी डी.एड. झाल्यापासून शिकवत होते. जिल्हा परिषदेची भरती आज निघेल, उद्या निघेल असं म्हणता म्हणता केस पिकायला लागले. खिडक्यांवर गुणवंतांचे फोटो इतके चिकटवलेले की बाहेर ऊन आहे की अंधार तेही कळायचं नाही. आत पत्र्याखाली पोरं कोंबलेली, घामाचा आणि डब्यातल्या भेंडीचा वास, आणि मी त्यांच्याकडून गणितातल्या युक्त्या घोकून घेत उभी. एका रविवारी सराव परीक्षेत एका मुलीनं बाकावरच लघवी केली, कारण पेपर संपेपर्यंत उठायचं नाही असा नियम होता. संचालक आत आले, त्यांनी खाली पाहिलं आणि मला विचारलं, "पेपर झाला का तिचा पूर्ण?" मी फरशी पुसली, पोरीला माझी ओढणी गुंडाळली, तिला घरी सोडलं आणि परत त्या जिन्याची पायरी चढले नाही. मला त्या जागेची शिसारी बसली होती. आजही राजापेठेतून जाताना मी त्या बाजूला बघत नाही.

अशा वेळी मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला एक व्हिडिओ पाहिला. मुलं मातीत हात घालून बसलीत, लोकर विणताहेत, ओल्या कागदावर रंग सोडताहेत. परीक्षा नाही, गुण नाहीत, पहिला नंबर नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. अकोल्याच्या बाहेर, शेतांच्या मधे अशी एक शाळा निघाली होती आणि तिथंच प्रशिक्षणही मिळणार होतं. उन्हाळ्यात शिबिर, मग वर्षभर त्याच शाळेत वर्गात बसून सराव. मी नाव घातलं. रोज सकाळी अमरावतीहून बडनेरा, तिथून गाडीनं अकोला, पुढं ऑटो, आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत.

ही पद्धत जगात कुठं चांगली चालत असेलही. मी जिथं होते तिथलं सांगते.

तिथं सप्टेंबरमध्ये पानगळ व्हायची. बाहेर कपाशी आणि तूर कमरेएवढी, हिरवीगार, डोळे निवावेत अशी, आणि वर्गाच्या कोपऱ्यातल्या निसर्गाच्या टेबलावर आम्ही लाल-तपकिरी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पानं कापून पसरत होतो, कारण परदेशी पुस्तकात त्या महिन्यात पानं गळतात असं लिहिलं होतं. लोकरीच्या टोप्या घातलेले परीकथेतले बुटके बनवायचे. त्या बुटक्यांना नाकडोळे काढायचे नाहीत, मुलाची कल्पनाशक्ती ते भरून काढते म्हणे. एका पोरानं माझ्या बुटक्याला स्केचपेननं मिशा काढल्या, तर त्यावर अर्धा तास चर्चा झाली. बर्फाचं एक गाणं होतं, तेही आम्ही गात होतो. आमच्यातल्या एकीनंही बर्फ पाहिला नव्हता, रसवंतीवरचा सोडून.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. मी नेतही होते. किळस आली ती आवाजाची.

त्या शाळेत कुणी मोठ्यानं बोलत नसे. मुलाला लांबून हाक मारायची नाही. जवळ जायचं, त्याच्या उंचीला वाकायचं आणि अर्धं गाणं म्हटल्यासारखं, हवेतून पीस खाली यावं तशा आवाजात सांगायचं. "चला बाळांनो, आपण आता चपला घालूया." दिवसभर हेच. आम्हाला त्याचा रियाज होता. दुपारी मुलं गेली की आम्ही गोल बसायचो आणि एकमेकींना त्या आवाजात डबा द्यायचो, सतरंजी उचलायला सांगायचो. सगळ्या एकमेकींना 'ताई' म्हणायच्या आणि सगळ्या ताई एकाच गळ्यातून बोलायच्या. मुख्य प्रशिक्षिका पुण्याहून येऊन इथं राहिलेल्या. त्यांना सगळे मोठ्या ताई म्हणत. पांढरी सुती साडी, चेहऱ्यावर कधी न हलणारं हसू. त्या मला म्हणाल्या, "तुझा आवाज धातूचा आहे गं. मुलांवर तो आदळतो." मी म्हटलं, "ताई, आमच्याकडे असंच बोलतात." त्या आणखी हळू झाल्या. "इथली भाषा खूप सुंदर आहे. जमिनीची आहे. पण कोवळ्या कानांसाठी नाही." मग त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात थंड आणि मऊ होता आणि तो सुटेपर्यंत मी मनात मुकाट शिव्या मोजत होते.

माणसांचे चार स्वभाव आम्हाला शिकवले होते, अग्नी, वायू, जल आणि पृथ्वी. मी अग्नी. एकदा मी अग्नी ठरले आणि सगळ्यांचं काम सोपं झालं. मी काहीही विचारलं की एकमेकींकडे पाहून हसायच्या, झालं. प्रश्नाचं उत्तर द्यायची गरजच उरली नाही.

मी सरावाला बसायचे त्या वर्गात सहा-साडेसहा वर्षांची एक मुलगी होती. शाळेच्या मागच्या बाजूला फुलशेती करणाऱ्या कुटुंबातली. झेंडू, शेवंती, बिजली. बाप वावरात, आई बाजारात हार घेऊन बसायची. बाकीची मुलं डॉक्टरांची, वकिलांची, प्राध्यापकांची, गाड्यांतून येणारी. आजूबाजूच्या वस्तीतली चार मुलं घ्यायची म्हणून घेतली, त्यातली ही एक. मोठ्या ताईंचं तिच्यावर फार प्रेम होतं. शाळेच्या माहितीपत्रकावर तिचाच फोटो होता, ओंजळीत फुलं घेतलेला. "ही अजून स्वर्गातून पूर्ण खाली उतरलेली नाही," त्या सांगायच्या, "अजून अर्धी वरच आहे. किती शांत आहे बघा." पोरगी खरोखर शांत होती. कुणाशी भांडत नसे, काही मागत नसे, बोलत तर जवळजवळ नसेच. तिला जल स्वभाव मिळाला होता.

सरावाचा भाग म्हणून आम्हाला प्रत्येकी एक मूल नेमून दिलं. काही आठवडे त्याला फक्त पाहायचं, निष्कर्ष काढायचा नाही, आणि मग सगळ्यांनी मिळून त्याचा 'बालअभ्यास' करायचा. मला ही पोरगी मिळाली. अग्नीला पाण्याशेजारी बसवलं की अग्नीचं भलं होतं, असं मोठ्या ताईंनी मला हसून सांगितलं.

मी पाहत बसले. सकाळी मुलं गोल करून हातवारे करत गाणी म्हणायची तेव्हा ही नेहमी एक ठोका मागे असायची. आधी शेजारच्या मुलाकडे पाहायची, मग हात उचलायची. गोष्ट सांगताना ताईच्या तोंडाकडे टक लावून बसायची आणि ताईनं फळ्याकडे तोंड फिरवलं की तिचे डोळे भरकटायचे. मागून कुणी आलं की दचकायची. ओठ हलायचे गाण्यात, पण शब्द यायचे ते भलतेच. डोळे असणाऱ्या माणसाला हे कळायला काही आठवडे लागू नयेत. मला चार दिवस लागले, कारण मीसुद्धा तोवर 'स्वप्नाळू' हा शब्द वहीत लिहून बसले होते.

डी.एड.ला आम्हाला एक साधी गोष्ट शिकवली होती. शाळेत आरोग्य तपासणीला डॉक्टर येईपर्यंत शिक्षकानं करून बघायची. मुलाच्या मागे उभं राहायचं, तोंडापुढे वही धरायची आणि ओळखीचे शब्द बोलायचे. मुलं मेणाची फळं करत बसली होती. मी त्या पोरीच्या मागे जाऊन, शाळेच्याच त्या पिसासारख्या आवाजात म्हटलं, "गुलाबजाम." आजूबाजूची पाचसहा तोंडं झटकन वळली. एकानं विचारलं, "कुठाय?" ही मेण दाबत होती. मी आवाज जरा वाढवला, रोजच्या बोलण्याचा केला. आता अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. ही तेवढी सोडून. मग मी माझा खरा आवाज काढला, तो धातूचा, तेव्हा तिची मान जराशी वळली, चुकीच्या बाजूला.

वहीतलं 'स्वप्नाळू' मी खोडलं. मग राग आला. एवढ्या बायका दिवसभर तिच्याकडे पाहून उसासे टाकतात, आणि कुणी एकदा मागून हाक मारली नाही. मारणार कशी? मागून हाक मारायचीच नाही हा तर नियम. जवळ जाऊन, वाकून, तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन बोलायचं. ती बिचारी ओठ वाचून जेवढं कळेल तेवढ्यावर दिवस ढकलत होती आणि शाळा त्याला तिचं वरचं जग म्हणत होती.

बालअभ्यासाला आम्ही गोल बसलो. मधे रेशमी कापड, त्यावर मेणबत्ती आणि तिनं रंगवलेला एक निळा कागद. एकेकीनं बोलायचं. एक म्हणाली, तिचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आहे. दुसरी म्हणाली, ती चालताना टाच आधी टेकवते, म्हणजे तिला धरतीची ओढ लागतेय. तिसरीनं त्या निळ्या रंगात काय काय पाहिलं ते मला सांगवतही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझी पाळी आली. मी म्हटलं, "तिला ऐकू येत नाही."

मोठ्या ताई त्यांच्या त्या हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "तू तिची परीक्षा घेतलीस?" मी पोरीला चिमटा काढला असावा असा त्यांचा सूर होता. मी म्हटलं, हो, घेतली, एकदा नाही, रोज घेतली, आणि तिला उद्याच्या उद्या कानाच्या डॉक्टरकडे न्यायला पाहिजे. घरच्यांना सांगायला पाहिजे.

"ऐकू येत नाही हे बाहेरचं वर्णन झालं," त्या म्हणाल्या. "आपण आत पाहतो. प्रत्येक जीव इथं येताना काहीतरी ठरवून येतो. मागच्या प्रवासातलं काहीतरी बरोबर घेऊन येतो. कदाचित या जीवानं ही शांतता स्वतः निवडली असेल. ती शांतता ओरबाडून घ्यायचा आपल्याला काय अधिकार?"

गोलातल्या सगळ्या माना हलल्या. माझं माहेर भिक्षुकाचं. कौंडण्यपूरच्या यात्रेत वडील बसायचे तेव्हा त्यांच्यासमोर लोक लंगडी, आंधळी लेकरं घेऊन यायचे आणि वडील मान हलवून म्हणायचे, मागच्या जन्मीचं आहे, सोसायला पाहिजे. शेजारी बसून दक्षिणेचे नारळ रचता रचता मी ते ऐकलेलं. त्या माना हलताना, त्या आया मुकाट उठून जाताना पाहिलेल्या. त्या घरातून मी शिकून बाहेर पडले ते हे पुन्हा ऐकायला नको म्हणून. आणि आता तीच शिळी कढी सातासमुद्रापलीकडून फिरून, लोकर पांघरून, मेणबत्ती लावून माझ्यापुढे आली होती. वडील निदान पुढं म्हणायचे, वैद्याला दाखवलं का?

मी हे सगळं बोलले, ओरडूनच बोलले. मोठ्या ताईंनी डोळे मिटून घेतले. माझं झाल्यावर म्हणाल्या, "दुधाचे दात पडायला लागले की मूल खऱ्या अर्थानं आपल्या शरीरात येतं. तिचे अजून पडायचेत. तोवर यंत्रं नकोत, तपासण्या नकोत. रात्री झोपताना आपण सगळ्यांनी तिचं चित्र डोळ्यांसमोर आणूया." शेजारची माझ्या पाठीवरून हात फिरवत कुजबुजली, "अग्नी आहे ना." मी तो हात झटकला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मागच्या बाजूनं त्या वावरात गेले. पोरीची आई झेंडूच्या ढिगापुढे ताडपत्रीवर बसून हार ओवत होती. उंच, रुंद खांद्यांची बाई. मला पाहून उठली, बसायला पोतं टाकलं आणि काहीतरी बोलली. काय ते मला ऐकूच आलं नाही.

"घसा बसला का?" मी विचारलं.

"नाई वं ताई," ती म्हणाली, आणि मला पुढं वाकावं लागलं. "हळू बोलाची सवय लावून राहिली."

"काहून?"

"शाळेत सांगतलं ना. पालकाच्या मिटिंगमंदी. लेकराशी वरडून बोलाचं नाई, त्याईचा जीव भेते म्हने. अन आमचा तं सगळा वरडाचाच धंदा." ती हसली. हसूसुद्धा दाबलेलं होतं. "आदी म्या वावरातून आवाज देल्ला तं हे पोरगी घरातून पयत ये. बाजारात माह्या आवाजानं शेजारच्या बायका कानावर हात ठेवत. मंग मोठ्या ताई सोता घरी आल्या. मले बसून शिकवलं, असं बोलत जा म्हने. टीव्ही बंद केला, रेडू बंद केला. एक वर्स झालं बगा, आमच्या घरात कोनी वरडलं नाई."

"आणि पोरगी?"

तिच्या हातातली सुई थांबली. "पोरगी गप झाली. दहा खेपा बोलावलं तरी पाहेच नाई. मले लय वाईट वाटे. पन ताई म्हने, पाहा, कशी शांत झाली."

मला त्या क्षणी जे वाटलं त्याला राग हा शब्द पुरत नाही. या पोरीच्या कानापर्यंत पोचणारा एकच आवाज जगात होता, तिच्या आईचा. देवानं म्हणा, बाजारानं म्हणा, या बाईला तो दणदणीत गळा दिला होता आणि त्याच्या जोरावर पोरगी दोन-चार शब्द शिकली होती, हाकेला धावत होती. तो आवाज या लोकांनी घरी जाऊन, पोत्यावर बसून, गोड बोलून बंद केला. आणि मग पोरगी पुरती मुकी झाली तर तिचा फोटो छापला. राजापेठेतल्या त्या संचालकाला निदान माहीत होतं की आपण दुकान चालवतो.

मी आईला सरळ सांगितलं. तिचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "बहिरी म्हनता का माह्या पोरीले?"

"कमी ऐकू येतं म्हणते. डॉक्टर बघतील. मी सोबत येते. अकोल्यातच दवाखाना आहे, उद्या चला. हे वय निघून गेलं तर बोलणंही जाईल तिचं."

तिनं बराच वेळ फुलं चाळली. शेवटी त्याच दाबलेल्या आवाजात म्हणाली, "मोठ्या ताईले इचारून सांगते. त्याईनं एवढ्या मोठ्या शाळेत घेतलं तिले. मी त्याईच्या शब्दाबाहेर कशी जाऊ?" मी तिला म्हटलं, बाई, निदान घरी तरी मोठ्यानं बोल. तिनं मान हलवली, पण ती मान मी कौंडण्यपूरला खूप वेळा पाहिली होती.

तिनं विचारलं, आणि उत्तर मिळालं की घाई नको, दिवाळीनंतर शाळेत कंदिलांचा सण असतो तो होऊ दे, मग बघू. मला बोलावून सांगण्यात आलं की गोलात बोललेलं गोलाबाहेर नेणं हा विश्वासघात आहे आणि माझ्या प्रमाणपत्राचा विचार करावा लागेल. मी म्हटलं, करा. मला ते प्रमाणपत्र भिंतीवर लावायचीही इच्छा उरली नव्हती. पण शाळा सोडली तर त्या पोरीपर्यंत जायची वाट बंद होईल, म्हणून जात राहिले. रोज शाळा सुटल्यावर त्या ताडपत्रीपाशी जायचे, रोज तेच बोलायचे. ती रोज म्हणायची, "सन होऊ द्या." हळूच.

तर तो सण. दिवाळी नुकतीच झालेली, गावात घराघरावर आकाशकंदील अजून तसेच, आणि आम्ही परक्या मुलखातला कंदिलांचा सण साजरा करायला निघालो. मुलांनी रंगवलेले कागद घेऊन त्यांना गोडेतेल चोळायचं म्हणजे ते पारदर्शक होतात, मग त्यांचे कंदील करून काठीला टांगायचे. आत खरी मेणबत्ती. बॅटरीचे दिवे लावू म्हटलं तर त्यात प्राण नसतो असं उत्तर आलं. तेलकट कागदाच्या आत उघडी ज्योत आणि ती सहा वर्षांच्या मुलाच्या हातात, हे मला कसंतरीच वाटलं. मी बोलून दाखवलं. अग्नीलाच आगीची भीती, असं म्हणून सगळ्या गोड हसल्या.

तिन्हीसांजेला मुलांची रांग मैदानातून निघाली. पालक फाटकापाशी उभे, त्यांनी आवाज करायचा नाही, फोटो काढायचा नाही. मी पालकांना आवरायला फाटकावर. त्या पोरीची आई माझ्या बाजूलाच उभी होती, नवं लुगडं नेसून, तोंडावर पदर धरून. पोरगी रांगेत सगळ्यांत पुढे होती, कारण शांतता तिला सगळ्यांत सुंदर पेलता येते म्हणे. ताई बारीक आवाजात गात होत्या. चालता चालता पोरीनं ती काठी खांद्यावर टाकली, बाप फावडं टाकतो तशी. कंदील तिच्या पाठीमागे गेला, वेणीच्या शेजारी.

वारा आला, मेणबत्ती कलली आणि तेल प्यालेला कागद भक्कन पेटला.

मागच्या मुलानं थांबून बोट दाखवलं. जवळच्या ताईनं गाणं सोडलं, दोन पावलं पुढं टाकली, आणि मी हे माझ्या कानांनी ऐकलं, तिनं त्याच पिसासारख्या आवाजात म्हटलं, "बाळा, थांब गं जरा." एक वर्षाची सवय, घशातून दुसरा आवाज निघेना. पोरगी चालत होती. मी "थांब!" म्हणून ओरडले आणि धावत सुटले, पण मैदान मोठं होतं. माझ्या ओरडण्यानं सगळी रांग थांबली. ती तेवढी चालत राहिली, पाठीवर जाळ घेऊन, समोर बघत.

तेव्हा माझ्या मागून आवाज आला. "एऽऽ माय! फेक थे! फेक!"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. वर्षभर दाबून ठेवलेला, बाजारातला, वावरातला आवाज. फाटकापासचे एक वकीलसाहेब चक्क बाजूला सरकले. पोरगी जागच्या जागी थांबली. वळली, बरोबर आईच्या दिशेनं वळली, आणि हातातली काठी तिनं टाकून दिली. कंदील मातीत जळत राहिला. वेणीची रिबीन करपली होती आणि फ्रॉकवर मागे एक काळा डाग पडला होता, बाकी काही नाही. आई माझ्या पुढून धावत गेली आणि तिनं पोरीला उचलून कडेवर घेतलं.

मोठ्या ताई आल्या. त्यांचं ते हसू पहिल्यांदा हललं होतं, तेवढं खोटं सांगणार नाही. पण तोंडातून निघालं ते असं, "इतक्या जोरात नको होतं हो. तो आवाज तिच्या आत राहील."

"राहू द्या ना!" आई म्हणाली. मैदानाच्या पलीकडच्या रस्त्यावरचा एक ऑटोवाला वळून बघायला लागला. "राहालेच पायजे! माहा आवाज हाय तो!" मग तिनं पोरीचं तोंड आपल्याकडे फिरवलं. "भेली का वं?"

पोरीनं आईच्या गळ्यावर तळहात ठेवला. इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून मी पुरं वाक्य ऐकलं नव्हतं. शब्द जाडे आणि अर्धवट होते, पण कळत होते. "आई, अजून वरड."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "उद्या," मी म्हटलं. ती फाटकातून बाहेर पडली आणि शेताच्या कडेनं घराकडे निघाली, पोरगी कडेवर, आणि आई ओरडून ओरडून सांगत होती की उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊन राहिलो आपन, या ताई संग येऊन राहिल्या, सकाऊन लवकर उठाचं, तो गुलाबी फ्रॉक घालाचा, डॉक्टर कानात पाहीन, भ्याचं नाई. अंधार पडेपर्यंत ते ऐकू येत होतं. आणि प्रत्येक वाक्यानंतर पोरगी तितक्याच मोठ्यानं म्हणत होती, "हो."